रीबूटनंतर डेमन उठेना: पीआयडी फाइलचा माझा अनुभव

सेंटओएस ६ या लिनक्सचा जुना सर्व्हर बंद करून त्यावरची कामं डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर हलवायची होती. डेटाबेस आणि वेब सर्व्हर विनातक्रार हलले. अडलं ते एका छोट्या डेमनपाशी, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामपाशी. गोदामातल्या बारकोड स्कॅनरच्या नोंदी गोळा करणारा हा प्रोग्राम एका बाहेरच्या कंपनीने कधीकाळी लिहून दिलेला. नव्या मशीनवर बसवला, सुरू झाला, नोंदीही येऊ लागल्या. मग कर्नलचं अपडेट आलं, मशीन रीबूट केलं आणि डेमन उठेना. लॉगमध्ये तक्रार एवढीच, की पीआयडी फाइल लिहायला डिरेक्टरीच नाही.

ही फाइल असते अगदी चिमुकली. चालू प्रोसेसचा, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक (पीआयडी) साध्या आकड्यांत आणि त्यापुढे नवी ओळ, बास. कोणती फाइल कुठे असावी हे ठरवणाऱ्या फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्डमध्ये उदाहरणच दिलंय: ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा क्रमांक २५ असेल तर फाइलमध्ये तीनच अक्षरं, दोन, पाच आणि नवी ओळ. डेमनला थांबवायचं किंवा लॉग फाइल नव्याने उघडायला सांगायचं, तर सिग्नल कुणाला पाठवायचा हे या आकड्यावरून कळतं.

अगदी पूर्वी या फाइली '/ईटीसी'मध्ये असत, नंतर '/व्हार/रन'मध्ये आल्या. २०११ साली फेडोरा १५ ने '/रन' आणलं, २०१५ च्या स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीत त्याला अधिकृत जागा मिळाली, आणि आता बहुतेक लिनक्सवर '/व्हार/रन' ही '/रन'कडे नेणारी नुसती लिंक असते. '/रन' डिस्कवर नसतंच, ते मेमरीत असतं. मशीन बंद झालं की त्यातलं सगळं जातं, आणि तसंच जायला हवं, कारण बूट झाल्यावर जुन्या क्रमांकांना काही अर्थ उरत नाही.

आमचं घोडं इथेच अडलं होतं. सेंटओएस ६ बूट होताना '/व्हार/रन'मधल्या जुन्या फाइली पुसायचं, पण आतल्या डिरेक्टऱ्या ठेवायचं. त्या कंपनीच्या इन्स्टॉलरने तिथे एकदाच डिरेक्टरी बनवली आणि ती वर्षानुवर्षं टिकली. नव्या मशीनवर ती पहिल्याच रीबूटला गेली. डेमन चालतो साध्या युजरने, '/रन' रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, मालकीचं, त्यामुळे तो ती स्वतः बनवू शकत नव्हता.

सहकाऱ्याने सुचवलं, '/रन'ची परमिशन सगळ्यांना खुली करू. मी ठाम नाही म्हटलं. रूटने चालणाऱ्या स्क्रिप्ट ज्या फाइलमधला आकडा वाचून किल ही सिग्नल पाठवणारी कमांड चालवतात, ती कुणालाही लिहिता आली तर हवी ती प्रोसेस मारता येईल. डेबियनवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सेवेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'रनटाइमडिरेक्टरी' नावाची ओळ टाकता येते. सेवा सुरू होताना योग्य मालकाच्या नावे डिरेक्टरी बनते, थांबताना काढली जाते. त्या एका ओळीने डेमन उठला.

पण स्टॉप स्क्रिप्ट वाचल्यावर माझी झोप उडाली. फाइल उघड, आकडा घे, किल कर. तो क्रमांक खरंच आपल्या डेमनचा आहे का, हे कुठेच तपासलेलं नाही! डेमन मध्येच कोसळला तर फाइल मागे राहते. जुन्या मशीनवर क्रमांकांची मर्यादा ३२,७६८ होती. क्रॉन सतत छोट्या प्रोसेस सोडत असेल तर आकडे फिरून पुन्हा पहिल्यापासून वाटले जातात, आणि आपल्या मेलेल्या डेमनचा क्रमांक भलत्यालाच मिळतो. पूर्वी एकदा रात्रीचा बॅकअप विनाकारण अर्धवट तुटला होता. जुने लॉग काढून वेळा जुळवल्या, तर त्याच मिनिटाला ही स्क्रिप्ट चालली होती. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीत 'पीआयडीफाइल_ओपन' हे फंक्शन फाइल उघडतानाच तिच्यावर कुलूप घालतं. प्रोसेस मेली की कुलूप आपोआप सुटतं, म्हणून फाइल शिळी आहे की जिवंत हे ओळखता येतं. ही पद्धत मला मनापासून आवडते.

आमच्या प्रोग्राममध्ये तसं काही नव्हतं, पण पडद्यामागे न जाता पुढ्यात (फोरग्राउंडमध्ये) चालण्याचा पर्याय होता. तो वापरून सिस्टमडीलाच डेमन सांभाळायला दिला. मग मुख्य प्रोसेस कोणती, हे त्याला फाइलविना कळतं, आणि स्टॉप स्क्रिप्टची गरजच उरली नाही. लॉग फाइली ठरावीक काळाने बदलणाऱ्या लॉगरोटेटमधली, पीआयडी फाइल वाचून सिग्नल पाठवणारी कॅट आणि किलची ओळ काढून तिथे सेवा रीलोड करण्याची कमांड घातली.

पोस्टग्रेस या डेटाबेसची 'पोस्टमास्टर.पीआयडी' मात्र जिथल्या तिथे ठेवा. ती '/रन'मध्ये नसून डेटा डिरेक्टरीत असते, कारण एकाच डेटावर दोन सर्व्हर चढू नयेत याची राखण ती करते. 'सगळ्या पीआयडी फाइली एका जागी आणू' असा प्रस्ताव आमच्याकडे आलाच होता, तो मी तिथेच थांबवला.

बारकोडच्या डेमनची फाइल अजून बनते, कारण मॉनिटरिंग ती वाचतं. तिचा पत्ता तेवढा '/व्हार/रन'वरून '/रन' असा बदलून घेतला.