टिन व्हिसलची वही : आठवडा सहा ते नऊ

मंडळी, टिन व्हिसल म्हणजे छोटी पत्र्याची आयरिश बासरी. तिच्यावर ‘द केश जिग’ या आयरिश नाचाच्या चालीची पहिली ओळ अखेर बसली. मेट्रोनोम मिनिटाला ७२ ठोक्यांवर, न अडखळता. आयरिश सेशनमध्ये, म्हणजे एकत्र बसून वाजवायच्या बैठकीत, हीच चाल शंभराच्या पुढे सहज पळते, तेव्हा पेढे एवढ्यात नकोत.

नव्यांसाठी थोडक्यात. हे खूळ ब्रॉबडिंगनेगियन बार्ड्समुळे डोक्यात शिरलं. टेक्सासमधल्या ऑस्टिनची जोडी, मार्क गन ऑटोहार्प या तारवाद्यावर आणि अँड्र्यू मॅकी रेकॉर्डर या उभ्या बासरीवर. नाव गलिव्हरच्या राक्षसांच्या देशावरून घेतलेलं. १९९९ मध्ये विद्यापीठाच्या आवारात वाजवायला लागले, मग जुन्या युरोपाच्या वेशात भरणाऱ्या रेनेसाँ जत्रांमध्ये. जुन्या आयरिश-स्कॉटिश गाण्यांच्या शेजारी हॉबिट आणि अंतराळवीर आरामात बसवायचे. गनचा २००५ पासूनचा सेल्टिक पॉडकास्ट माझ्या बसप्रवासाचा सोबती आहे. रेकॉर्डर मला झेपला नाही. मागचं अंगठ्याचं भोक बासरीवाल्या हाताला नको तिथे खाजवतं. म्हणून सहा भोकांची डी व्हिसल.

आणि इथेच गंमत. व्हिसलवाले सगळी भोकं बंद केली की डी (पाश्चात्त्य सुराचं नाव) म्हणतात आणि तिथून मोजतात. माझी बोटं मात्र तीन बंद केली की ‘सा’ म्हणतात, म्हणजे जी. दोन आठवडे मी हट्टाने डीला सा मानलं आणि रोज घसरलो. मग सोडून दिलं. जी म्हणजे सा, सगळी बंद म्हणजे खालचा प, सगळी उघडी म्हणजे तीव्र म, अगदी बासरीसारखंच. केश जीमध्येच आहे, त्यामुळे पहिली ओळ अशी उतरते:

सा – – सा रे ग । रे – – रे ग प । ध प प सां प प । ध प ग प ग रे

म आणि नी दोन्ही गायब. अहो, हा तर भूप राग! (पुढे नी येतो आणि भूप मोडतो, पण त्या पहिल्या दिवशी मी खुर्चीतून उठलो होतो.)

सातव्या आठवड्यात एक चूक केली, ती तुम्ही करू नका. जिग सहा मात्रांची म्हणून तबल्याच्या अ‍ॅपवर दादरा लावून रियाज केला. सूर सगळे बरोबर, पण ऐकायला गुरुवारचं भजन. जिगमधले तीन सूर सारखे नसतात. पहिला किंचित ताणायचा, मधला पटकन उरकायचा. बोटांना ते समजेना, तेव्हा नुसतं तोंडाने म्हणून पाहिलं, चार दिवसांनी जमलं.

‘कट’ अजून कच्चा आहे. त्याला कण, म्हणजे मुख्य सुराला चिकटलेला छोटा सूर, म्हणायचा मोह होतो, पण कणाला स्वतःचा सूर असतो. कटचा सूर ऐकू येताच कामा नये, दोन सारखे सूर वेगळे कळण्यापुरतं बोट उचलायचं. माझा ऐकू येतो. मींडही (सुरावरून सुरावर घसरत जाणं) अधूनमधून डोकावते, बारा वर्षांच्या बासरीची खोड.

आठवडा आठ रियाजापेक्षा शब्दांत गेला. त्या बार्ड्ससारख्या मंडळींच्या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात. १९५० च्या दशकात विज्ञानकथाप्रेमींच्या एका लेखात ‘फोक’चं चुकून ‘फिल्क’ झालं आणि तेच नाव चिकटलं. जुनी चाल, नवे शब्द. आपल्याला हे काय नवीन? प्रत्येक भजनाच्या वहीत गाण्याच्या डोक्यावर ‘अमुकच्या चालीवर’ लिहिलेलं असतंच. फरक इतकाच, की तिकडे विठ्ठलाच्या जागी एल्फ. तेव्हा आमच्या रविवारच्या डी अँड डी (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ) कंपूसाठी, केशच्या चालीवर:

वीसपैलू, फासा फेका,
एकच आला रे, ड्रॅगन हसला!

मात्रा मोजून घ्या, एका सुराला एक अक्षर बसतं. ‘ड्रॅगन’चा न पूर्ण उच्चारावा लागतो, तेवढी सवलत द्या.

नववा आठवडा शेजारच्या काकूंचा. वरच्या सप्तकाला त्यांनी दार वाजवून विचारलं, “अरे, कुकर कधीचा ओरडतोय, गॅस बंद कर ना!” आता संध्याकाळी पाचनंतर वरचा सां बंद आणि माउथपीसच्या फटीवर ब्लूटॅकचा (चिकट पुट्टीचा) छोटा तुकडा. आवाज दबतो, सूर मात्र थोडा हलतो.

पुढचं काम म्हणजे दुसरा भाग आणि सी नॅचरल, म्हणजे आपला शुद्ध म. बासरीवर अर्धं भोक उघडायचो. इथे पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद असं आडवळण आहे. बोट आपोआप अर्ध्यावर जातं आणि म बेसूर लागतो. बासरीवरून आलेल्या कुणी ही सवय मोडली असेल तर सांगा, किती दिवस लागले?