लॅन्सडाउनच्या फलाटावर ऐकलेली आरोळी

बेसबॉलच्या सामन्यातली नऊपैकी आठवी इनिंग संपली आणि जावई उठून उभे राहिले. "आई, निघूया आता. ही गाडी चुकली तर पुढच्या गाडीला तासाच्या वर वाट बघावी लागेल."

फळ्यावर चार-तीन. समोर टोरोंटोचा संघ आणि आमच्या बॉस्टन रेड सॉक्सची एक धाव कमी. एकच. मी लेकीकडे पाहिलं, ती नातवाचं जॅकेट शोधत होती. नातू पेंगुळला होता, ह्यांचे गुडघे धरले होते, जावयांना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ऑफिसचा कॉल होता. प्रत्येकाचं कारण खरं होतं. मी काही बोलले नाही, पर्स उचलली आणि निघाले.

लॅन्सडाउन स्टेशन फेनवे पार्कपासून, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानापासून, चालत पाच मिनिटांवर. फलाट रस्त्याच्या खाली, शेजारून हमरस्त्यावरच्या गाड्यांची घरघर सतत चालू. आम्ही बाकावर टेकलो. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील आणि मागून आवाज आला. फटाका नव्हे, गाणं नव्हे. तीस-पस्तीस हजार माणसांच्या घशातून एका क्षणी निघालेली आरोळी. ती थांबेच ना. फलाटावर आमच्यासारखी लवकर निघालेली वीसेक माणसं होती, सगळ्यांनी एकदम खिशातून फोन काढले. जावयांनी माझ्यासमोर फोन धरला: नववी इनिंग, तीनपैकी दोन आउट, दोन धावक बेसवर (धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर), डावीकडच्या भिंतीवर आपटलेला फटका, पाच-चार. जिंकलो.

मी नाशिकला असताना ह्या संघासाठी पहाटे साडेचारला उठते. बॉस्टनला संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे चार चाळीस झालेले असतात. चहाचं आधण ठेवायचं आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून बसायचं. पाच वर्षं असं बघितल्यावर पहिल्यांदा प्रत्यक्ष मैदानात गेले आणि जो क्षण बघायला गेले तो मला फलाटावर ऐकू आला. घरी पोहोचेपर्यंत मी कोणाशी नीट बोलले नाही. जावयांना वाईट वाटलं असणार. ते अतिशय भले आहेत, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. पण ती आरोळी आजही आठवली की पोटात कालवतं.

नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क हे सगळं पाहिलं. सुंदर आहे. फोटो लेकीकडे आहेत.

एका धावेचे सामने मला का आवडतात हे मैत्रिणी नेहमी विचारतात. बारा-दोनने जिंकलेल्या सामन्यात पाचव्या इनिंगनंतर कुणाच्याच कशाला किंमत राहत नाही. खेळाडूही हात राखून खेळतात, लोक हॉटडॉगच्या रांगेत जाऊन उभे राहतात. एका धावेचा फरक असला की मैदानातली बारीकसारीक गोष्ट मोठी होते. पहिल्या बेसवरचा धावक बेसपासून किती पावलं पुढे सरकलाय. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरने मातीत पडलेला चेंडू छातीने अडवला की नाही. बॅटरने स्वतः आउट होऊन उंच फटक्यावर तिसऱ्या बेसवरच्याला घरी आणलं, म्हणजे त्याची धाव पूर्ण करून दिली, की नाही.

२००४ सालचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. बॉस्टनने १९१८ नंतर अजिंक्यपद जिंकलं नव्हतं. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या, सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत ते तीन-शून्यने मागे होते आणि तिसरा सामना तर एकोणीस-आठ असा सपाटून हरले होते. १७ ऑक्टोबरला चौथा सामना, ह्याच फेनवेवर. नववी इनिंग, चार-तीनने मागे, आणि समोर मारियानो रिव्हेरा, शेवटच्या इनिंगला येऊन दारं बंद करणारा त्या काळातला सर्वांत अवघड पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. केव्हिन मिलार आवाक्याबाहेरचे चार बॉल सोडून नियमाप्रमाणे पहिल्या बेसवर गेला. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्सला पाठवलं. रॉबर्ट्स दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून गाठणार, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे पळवलं. मग बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि वीतभर अंतराने वाचला. बिल म्युलरने त्याला घरी आणलं, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारला, पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि मग अंतिम मालिकेत सेंट लुईसला चार-शून्यने हरवून ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला. २०२३ च्या नव्या नियमाप्रमाणे पिचरने तिसऱ्यांदा बेसकडे चेंडू फेकला आणि धावक आउट झाला नाही, तर धावकाला पुढचा बेस फुकट मिळतो. म्हणजे आज रॉबर्ट्सला धावावंच लागलं नसतं. मला हा नियम पटत नाही. ते धावणं हीच तर त्या रात्रीची जान होती.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती. ती टोरोंटोच्या सामन्याच्या दिवशी सकाळी घडली होती, आणि संध्याकाळच्या आरोळीइतकीच माझ्याबरोबर राहिली आहे.

लेक आणि जावई कामात होते म्हणून हे आणि मी गावातल्या एका छोट्या नाश्त्याच्या हॉटेलात चालत गेलो. लाल रेक्झिनची बाकं, काचेच्या बरण्यांत जॅमची पाकिटं. वाढायला पन्नाशीची बाई होती, केसांच्या अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं. ह्यांना अंडं चालत नाही म्हटल्यावर तिने आत जाऊन तवा वेगळा घ्यायला सांगितलं आणि परत येऊन तसं आम्हाला सांगितलंही. माझा कॉफीचा कप तिने तीनदा भरला. आम्ही तासभर बसलो. बिल ३८ डॉलर झालं. ह्यांनी ३८ मोजून ठेवले आणि वर तीन सुट्टे डॉलर. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत वीस रुपये ठेवतो, इथे अडीचशेच्या वर ठेवले, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

आम्ही गाड्या लावतात त्या आवारापर्यंत पोहोचलो, तर मागून ती आली. भरभर चालत, हातात बिलाची काळी घडी. "सगळं ठीक होतं ना? माझ्याकडून काही राहिलं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला काही कळलं नाही. आम्ही दोघांनी जीव तोडून सांगितलं की फार छान होतं, कॉफी छान, तुम्ही फार छान वागलात. ती ऐकत राहिली. मग मान हलवली, "दिवस चांगला जावो" म्हणाली आणि परत फिरली. दारातून आत जाताना तिने अंबाड्यातलं पेन काढून घडीत ठेवलं, हे मला स्पष्ट दिसलं.

दुपारी लेकीला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "आई, तीन डॉलर म्हणजे तू तिला सांगितलंस की तुझं काम वाईट होतं."

मी बत्तीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली. पैसा हातातून जाताना माणसाचा चेहरा काय होतो हे मला कळतं अशी माझी समजूत होती. लेकीने मग हिशेब समजावला. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्या राज्यात, तासाचं किमान वेतन १५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्यांना मालकाने ६ डॉलर ७५ सेंट दिले तरी कायद्याने चालतं. उरलेलं गिऱ्हाइकाच्या टीपेतून भरून यायचं, आणि नाहीच आलं तर मग मालकाने भरायचं. संपूर्ण देशासाठीचा आकडा तर २ डॉलर १३ सेंट, तोही १९९१ पासून तसाच. म्हणजे टेबलावर वाढणाऱ्याला १८ ते २० टक्के देणं ही बक्षिसी नव्हेच, तो तिचा पगार आहे. तो फक्त मालकाच्या हातून न येता माझ्या हातून जातो. आणि मी त्यातले निम्म्याहून जास्त कापले होते.

ही पद्धत मला चांगली वाटत नाही, हे स्पष्ट लिहिते. पगार मालकाने द्यावा. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर बाईचं घरभाडं अवलंबून असणं मला मान्य नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ह्याच राज्यात मतदान झालं, टीपवाल्यांनाही हळूहळू पूर्ण किमान वेतन द्यावं का, आणि लोकांनी नको म्हटलं. वाढपी मंडळींपैकीही कित्येकांना ते नको होतं, कारण चांगल्या हॉटेलात टीपेतून जास्त सुटतात. हे ऐकून मी चक्रावले. पण पद्धत बदलेपर्यंत समोर उभी असलेली बाई त्याच पद्धतीत जगते आहे. माझा तत्त्वाचा मुद्दा तिच्या खिशातून वसूल करायचा मला काय अधिकार?

दुसऱ्या टोकालाही आता अती झालंय. विमानतळावर मी फ्रीजमधून स्वतः पाण्याची बाटली काढली, काउंटरवर ठेवली, तर पोराने टॅबलेट माझ्याकडे फिरवला: १८, २०, २५ टक्के. मागे रांग, आणि बोट हवेत. तिथे मी "टीप नाही" दाबलं आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. जो टेबलाशी येतो, ओझं उचलतो, केस कापतो, आपण बाहेर गेल्यावर खोलीतली चादर बदलतो, त्याला द्यायचं, आणि सढळ हाताने द्यायचं. हॉटेलची खोली साफ करणारी बाई तर दिसतही नाही, म्हणून लोक विसरतात. रोज सकाळी निघताना उशीपाशी चार-पाच डॉलर ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम नको, त्या दिवशी दुसरीच कुणी कामावर असते.

हे मी अनुभवाने सांगते. गुरुवारी सकाळी मी एकटी चालत त्या नाश्त्याच्या हॉटेलात गेले. पाकिटात दहा डॉलर घातले होते. ती नव्हती. टेबलावर एक विशीतली मुलगी होती. तिला नाव सांगता येईना, कारण मी नाव विचारलंच नव्हतं. केसांत पेन खोचते ती, म्हटलं. मुलगी हसली, म्हणाली इथे सगळ्याच खोचतात. तिनेही खोचलेलं होतं. मग मी सांगितलं, ज्यांनी माझ्या नवऱ्यासाठी तवा वेगळा घ्यायला लावला त्या. तिने पाकीट गल्ल्याशेजारी ठेवलं, देईन म्हणाली. मी टोस्ट खाल्ला, तिची टीप ठेवली आणि आले. ते पाकीट पोहोचलं का, ह्याचा विचार मी नाशिकला आल्यावरही करते.

परतायच्या चार दिवस आधी लेकीला म्हटलं, मला आणखी एक सामना बघायचाय आणि शेवटपर्यंत बघायचाय. तिने काही न बोलता दोन तिकिटं काढली, तिची आणि माझी.

फेनवे पार्क १९१२ चं आहे, आणि ते बसल्या बसल्या मांड्यांना जाणवतं. निळ्या लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद की शेजाऱ्याचं कोपर आपल्या मांडीवर. पहिल्या वेळी आमच्यासमोर छताचा लोखंडी खांब होता. मला बॅटर दिसायचा, पिचर दिसायचा नाही, चेंडू खांबातून उगवल्यासारखा यायचा. असं तिकीट ४५ डॉलरना विकणं बरं नव्हे. ह्या वेळी लेकीने नकाशा बघून खांब टाळला होता. डावीकडची ती ३७ फुटी हिरवी भिंत सबंध दिसत होती. तिच्या पोटात अजून माणसं बसतात आणि धावांच्या पाट्या हाताने बदलतात.

तिसऱ्या इनिंगला शेंगावाला पायऱ्या चढत आला. भाजलेल्या, टरफलासकट, अगदी आपल्या शेंगा. त्याने पाकीट रांगेच्या टोकाला दिलं आणि ते सहा अनोळखी हातांतून माझ्यापर्यंत आलं. मागोमाग कार्डाचं यंत्र तसंच हाताहातातून. मी वीस टक्क्यांवर बोट ठेवलं आणि यंत्र परत सोडलं. शेवटच्या माणसाने ते त्याच्या हातात दिल्यावर त्याने आकडा बघितला आणि एवढ्या लांबून माझ्याकडे बघून टोपीला हात लावला.

दोन-एक, आपण मागे. आठवी इनिंग संपली तशी माणसं उठायला लागली. आमच्या पुढची आख्खी रांग गेली. लेकीने घड्याळ बघितलं नाही. नववीत पहिला आउट. मग एक फटका उजव्या कोपऱ्यात, धावक दुसऱ्या बेसवर. मग जमिनीलगत साधा चेंडू, बॅटर आउट, पण धावक तिसऱ्यावर. नव्वद फुटांवर बरोबरी. सगळे उभे. शेजारचा आजोबा टोपी उलटी घालून उभा होता, मी लेकीचं मनगट धरलं होतं. पाच चेंडू झाले. सहावा बॅटरने मारला, उंच, डावीकडे, भिंतीच्या दिशेने, आणि तो चेंडू वर असताना मला मैदानात कुणाचाही श्वास ऐकू आला नाही. क्षेत्ररक्षक मागे गेला, मागे गेला, पाठ भिंतीला लागली आणि त्याने तो घेतला.

हरलो. तिसऱ्या बेसवरचा धावक कमरेवर हात ठेवून तसाच थोडा वेळ उभा राहिला. आम्हीही. लोक पायऱ्या उतरत होते, पायाखाली टरफलं कुरकुरत होती. झाडूवाले वरच्या रांगेपासून सुरू झाले, तेव्हा निघालो.

गाडी अर्थातच चुकली. लॅन्सडाउनच्या फलाटावर त्याच बाकावर सव्वा तास बसलो. पाकिटात मूठभर शेंगा उरल्या होत्या. लेक एकेक सोलून माझ्या हातावर ठेवत होती आणि मी तिला तो शेवटचा चेंडू पुन्हा पुन्हा सांगत होते, तीही तिथेच होती तरी.