आमची वाटचाल : तोड आमची, वाट सामाईक

खासगी वनांतील झाडतोड आणि ओंडक्यांची वाहतूक हा आमचा व्यवसाय आहे. एक साखळी-करवत, एक ट्रॅक्टर आणि दोन भागीदार एवढ्या बळावर निघालेली सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली. लिहायचे आहे ते आमचे काम बंद पडता पडता वाचले त्या हंगामाविषयी.

शेजारच्या पट्ट्यातील तोड दुसऱ्या एका ठेकेदाराने आमच्यापेक्षा कमी दर लावून घेतली आणि जमीन पुरती भिजलेली असताना भरलेले ट्रक सामाईक वाटेवरून काढले. ओल्या मातीवर जड चाके फिरली की माती दबते, पाणी मुरायचे थांबते आणि चाकोऱ्यांतून गाळ घेऊन ओढ्यात उतरते, हे या धंद्यातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. वाटेवरची मोरी खचली, टाकून दिलेल्या फांद्यांनी चर तुंबले आणि खालच्या शेतांत गाळ पसरला. ठेकेदार आपला हिशेब चुकता करून निघून गेला आणि वाट अडवली गेली ती आमच्या गाड्यांसाठी. आमचे ओंडके जागेवरच पडून राहिले, सालीखाली भुंगेरे शिरले, लाकडाचा दर पडला आणि यंत्रांचे हप्ते थकले. ती मोरी अखेर आम्हीच बांधून दिली. त्या ठेकेदाराने आजतागायत एक पैसा दिलेला नाही, याची सल मनात आहे.

त्या वेळी आमच्या बाजूने उभे राहिले ते हद्दीला लागून असलेल्या बागेचे मालक. त्यांच्या कुंपणाकडे झुकलेली झाडे पाडण्याआधी आम्ही त्यांच्यासोबत हद्द फिरून खोडांवर रंगाचे पट्टे मारले होते. प्रत्येक खोडाला उंचावर तारदोर बांधून विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, आतल्या बाजूला ताण दिला, पडण्याच्या दिशेला खाच घेतली, मागून काप घेताना व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी बिजागरी, म्हणजे न कापलेल्या लाकडाची पट्टी, राखली आणि पाचरी ठोकत झाड आमच्याच हद्दीत उतरवले. कुंपणाची एक तारही तुटली नाही. हे सारे त्यांनी स्वतः पाहिले होते. गावबैठकीत त्यांनी ते सांगितले आणि वाट मोकळी झाली.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांनी वाहतुकीपूर्वी शेजाऱ्यांना सोबत घेऊन वाटेची आणि मोऱ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे नंतर वाद राहत नाही. करवतीचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. कामगाराच्या कानांवर संरक्षण असते, पलीकडच्या घरातल्या आजारी माणसाच्या नसते. म्हणून कामाच्या वेळा आधी कळवाव्यात. जिच्या निकषांवर वनांना जबाबदार व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळते, त्या १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दहा तत्त्वांपैकी चौथे तत्त्व स्थानिक समुदायाशी असलेल्या संबंधांविषयीच आहे. प्रमाणपत्र घ्यायचे नसले तरी ते वाचावे.

आमचा दर आजही इतरांपेक्षा थोडा चढा असतो, कारण वाट पूर्ववत करण्याचा खर्च आम्ही त्यातच धरतो. दरपत्रके मागवणाऱ्या वनमालकांनी स्वस्त दर देणाऱ्याला त्या खर्चाविषयी अवश्य विचारावे.