येऊर, रुईचं झाड आणि काकूंचं भिंग

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी येऊरला जाऊन आले. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग, पण आपल्याकडे येऊर म्हटलं की लोकांना आधी हॉटेलं आणि बंगल्यातल्या पार्ट्या आठवतात, असो. उपवनपर्यंत रिक्षा, पुढे चालत. सोबत सोसायटीतल्या काकू, कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या, गळ्यात भिंग आणि पर्समध्ये चकल्या.

मी निघाले होते फुलपाखरं बघायला. काकूंनी गेटवरच सांगितलं, "फुलपाखराच्या मागे पळू नकोस गं, झाड धर. ते येतंच." झालं, पहिला तास आम्ही रस्त्याकडेच्या एका रुईपाशीच काढला. लोक मॉर्निंग वॉकला जाता जाता बघतायत, ह्या दोघी कचऱ्यापाशी वाकून काय करतायत म्हणून.

पण होतं तिथेच सगळं! पानाखाली प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराची अळी, अंगभर काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर दोऱ्यासारख्या काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकातलं विष ही अळी खाताना अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते राहतं, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. आता गंमत अशी की डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब तसाच केशरी ड्रेस घालते, स्वतःत विष बिष काही नाही, तिची अळी आपली साधी घोळ खाऊन वाढते. नर मात्र काळा, त्यावर मोठे पांढरे ठिपके आणि कडेला जांभळी झाक, म्हणजे नवरा-बायको शेजारी बसले तरी कोणी जोडी म्हणणार नाही. दोन केशरींतला फरक मागच्या पंखावर बघायचा. प्लेन टायगरला पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला मध्ये काही नाही, फक्त वरच्या कडेला एकच. फोटो झूम करून हे दिसलं तेव्हा मी रस्त्यात जोरात "ठिपका!" ओरडले.

पुढे तेरडा, कुरडू, आणि उतारावर पेव. पेवाची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढतात, फूल नसलं तरी लगेच ओळखू येतं. कळलावी पण दिसली, तिच्या पानाचं टोकच वेटोळं होऊन शेजारच्या झुडपाला धरतं. हे सगळं आयनॅचरलिस्टवर टाकलं, म्हणजे फोटो टाकला की लोक झाड-किडा ओळखून देतात त्या साइटवर. तिथे नुसत्या फुलाचा फोटो टाकला की लोक वैतागतात, पान वरून, खालून, खोडाला कसं चिकटलंय ते, सगळं द्यावं लागतं.

पाड्यापाशी एक मावशी कर्टोली विकत होत्या. बाजूच्या कुंपणावर तसलाच वेल होता, मी विचारलं याला का नाही लागली. मावशी हसल्या, "तो नर हाय. त्याला कुठून लागायची?" कर्टोलीचे नर-मादी वेल वेगवेगळे असतात म्हणे! काकूंनी लगेच भिंग काढलं, नराचं सुकत आलेलं पिवळं फूल दाखवलं, मागे काहीच नाही. मादीच्या फुलामागे बारीकशी काटेरी कर्टोली आधीपासूनच असते. माझ्या मते त्या दिवशीचं बेस्ट लेक्चर मावशींचंच, आणि फी म्हणून अर्धा किलो घेतली.

कोणाला सुरुवात करायची असेल आणि एवढं चालायचं नसेल तर घोडबंदर रोडला ओवळे गावात ओवळेकर वाडी आहे, तिथे झाडं मुद्दाम फुलपाखरांसाठीच लावलीयत, अळ्यांना खायला लागणारी सुद्धा. रविवारी सकाळी उघडी असते. लवकर जा, ऊन चढल्यावर फुलपाखरं जाम पळवतात, फोटो काढायला एका जागी बसतच नाहीत.