मेख

गावच्या घरातलं माजघराचं दार पावसात फुगलं आणि लागेनासं झालं, म्हणून सुतारमामांना बोलावलं. दार उतरवून ओट्यावर आडवं टाकलं. खालची आडवी पट्टी सुटी करायची होती. मी आपला उत्साहानं ओढतोय, पण ती हलायचं नाव घेईना. मामा शांतपणे म्हणाले, "अहो, मेख काढल्याशिवाय ती येईल कशी?"

मला तर दारात साधा खिळाही दिसत नव्हता. मामांनी पटाशीनं ऑइलपेंटचे थर खरवडले, तेव्हा कुठे करंगळीच्या पेराएवढं लाकडी वर्तुळ उघडं पडलं. पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, उभ्या लाकडात बसवायचं आणि दोन्हींतून आरपार ही खुंटी ठोकायची. गंमत पुढे आहे. कुसवातलं भोक मुद्दाम अर्धा सूत सरकवून पाडतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे अर्धा सूत जेमतेम दीड मिलिमीटर. भोकं नीट जुळत नाहीत, म्हणूनच मेख आत शिरताना सांधा आवळत नेते. सरस नाही, लोखंड नाही. हे कळल्यावर त्या दाराशी मी जरा अदबीनं वागू लागलो.

फारसीत मेख म्हणजे खिळा. आपल्याकडे तंबूचे दोर ताणून धरणारी खुंटीही मेखच. भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकानं ती उपटायचा खेळ १९८२च्या दिल्ली एशियाडमध्येही होता. (हिंदीतल्या 'मीनमेख'शी मात्र हिचं नातं नाही; तिथली मेख म्हणजे मेष रास.)

बोलण्यात मात्र आपण खिळा, खुंटी सगळं विसरलो. कुणी चालत्या कामात मेख मारतो, कुणी पाचर मारतो. मला पाचर त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, निदान डोकं वर काढून बसते. मेख रंगाखाली असते. फ्लॅटच्या करारपत्रात सोळाव्या पानावर बारीक अक्षरात भेटते ती हीच, ग्यानबाची.

जुनी मेख मागून ठोकताना चिरफळली. मामांनी बाभळीच्या ढलपीची नवी तासली, दोन घाव घातले आणि दार पुन्हा बिजागऱ्यांवर चढवलं. आता कडी एका बोटानं लागते. नव्या मेखेचं फिकट डोकं तेवढं उठून दिसतं. "वरून रंगाचा हात मारा," असं मामा जाताना सांगून गेलेत. मी अजून मारलेला नाही.