तुम्ही विचारलेत म्हणून: जर्मेन ल्युबँ मी का ऐकते

हिटलरने वाखाणलेल्या बाईचे, म्हणजे फ्रेंच ऑपेरा-गायिका जर्मेन ल्युबँचे, गाणे तुम्ही इतक्या प्रेमाने कसे ऐकता, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांना युद्धाचा इतिहास ठाऊक असतो, म्हणून तो उगाळत नाही; पण तिचे गाणे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेले असते, याचे मला वाईट वाटते. १९३० च्या सुमाराचे तिचे इझोल्डेच्या मृत्यूचे (जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ या ऑपेरातील नायिकेच्या शेवटच्या गाण्याचे) ध्वनिमुद्रण फ्रेंचमध्ये आहे. तबकडीची खरखर सोसावी लागते, पण वाद्यवृंद उसळत असताना तिचा भरदार आवाज त्याच्याशी झुंजत नाही, त्याच्या वर अलगद राहतो आणि कुठेही कर्कश होत नाही. १९३८ मध्ये बायरॉइटला, वाग्नरच्या ऑपेरांच्या जर्मनीतील महोत्सवात, ‘पार्सिफाल’मधली कुंड्री आणि पुढच्या वर्षी तिथेच इझोल्डे, हा मान या फ्रेंच सोप्रानोने (उंच पट्टीच्या गायिकेने) गळ्याच्या जोरावर मिळवला होता, हे मी कोणासमोरही ठासून सांगेन.

तुमचा रोख मे १९४१ वर असतो, तर त्याबद्दलच बोलू. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. १४ मे रोजी कागदपत्रे तपासण्याचे निमित्त करून परदेशी ज्यू पुरुषांना बोलावण्यात आले आणि साडेतीन हजारांहून अधिक जणांची छावण्यांत रवानगी झाली. त्यानंतर आठच दिवसांनी, २२ मेला, वाग्नरच्या जन्मदिवशी, बर्लिनच्या सरकारी ऑपेराने पॅरिसच्या ऑपेरागृहात ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ सादर केला. वाद्यवृंदासमोर संचालक हर्बर्ट फॉन कारायान, ट्रिस्टान माक्स लोरेन्झ आणि इझोल्डे ल्युबँ. तिचा मुलगा जर्मनांचा युद्धकैदी होता आणि त्याला सोडवण्यासाठी तिने आपल्या जर्मन ओळखी वापरल्या, हे मी पूर्वी लगेच पुढे करत असे. आईची ती धडपड मला आजही कळते, पण त्या रात्रीच्या गाण्याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. इझोल्डे ही तिच्या साधनेचे शिखर असलेली भूमिका होती आणि ती तिला गायचीच होती, असे मला वाटते.

कला वेगळी आणि कलावंत वेगळा, असेही मी तरुणपणी बिनदिक्कत म्हणत असे. आता म्हणवत नाही, कारण जिंकलेल्या शहरात आपली संस्कृती मिरवण्यासाठी जेत्यांना नेमकी तिची कलाच हवी होती, आणि ती जितकी उत्तम गायली असेल तितके त्यांचे काम सोपे झाले असेल.

युद्धानंतर तिला तुरुंग, मालमत्तेची जप्ती आणि नागरी हक्क हिरावणारी शिक्षा भोगावी लागली. उतारवयात तिने तक्रार केली ती आपल्याच माणसांनी कारकिर्दीची दहा वर्षे बुडवल्याची. ती तक्रार मला ऐकवत नाही, कारण छावण्यांत गेलेल्यांची वर्षे तिच्या हिशेबात कुठेच येत नाहीत.

तरीही मी ऐकते, आणि तुम्ही विचारलेत की चिडतेही. नाझी पक्षाचे सभासदत्व घेतलेला कारायान १९५५ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या प्रमुखपदी निवडला गेला, आणि त्याची बेथोव्हेनची ध्वनिमुद्रणे तुमच्याही कपाटात आहेत. ल्युबँ व्यापलेल्या देशाची नागरिक होती, त्यामुळे तिचा अपराध वेगळा ठरतो, हे मला मान्य आहे. पण तो किती वेगळा, हे मला ठरवता आलेले नाही, आणि तुम्ही ते ठरवले असेल तर कारायानच्या तबकड्या समोर ठेवून मला समजावून सांगा.