फ्रातेर, म्हणजे भाऊच

प्राचीन रोमन कवी कातुल्लुसची १०१ क्रमांकाची लॅटिन कविता गेले पंधरा दिवस मी रोज मोठ्याने वाचतेय. अवघ्या दहा ओळी. ट्रॉयजवळ पुरलेल्या भावाच्या कबरीपाशी कवी समुद्र ओलांडून येतो आणि त्याच्या मुक्या राखेशी बोलतो.

आधी नुसतं इंग्रजी भाषांतर वाचलं होतं. अर्थ कळला, पण आत काही हललं नाही. मग वहीत मूळ ओळी उतरवल्या आणि शाळेत वृत्तं ओळखताना करायचो तशा पेन्सिलीने लघु-गुरूच्या खुणा केल्या. लॅटिन वृत्तही अक्षरांच्या लांबीवरच चालतं, त्यामुळे मराठी कानाला ते पटकन सापडतं. शेवटच्या ओळीचा शेवट डोळ्यांना ‘फ्रातेर आवे आत्क्वे वाले’ (भाऊ, नमस्कार आणि निरोप) असा दिसतो. पण म्हणताना ‘आवे’चा शेवटचा स्वर पुढच्या शब्दात विरतो आणि ऐकू येतं, ‘फ्रातेर अवात्क्वे वले’. भेटीचा शब्द पुरता उच्चारूनही होत नाही, तोवर निरोप सुरू! हे कुठल्या भाषांतरात आणणार?

‘फ्रातेर’ला अडचण नाही. तो संस्कृत ‘भ्रातृ’चा सख्खा नातलग. अडते मी ‘वाले’पाशी. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. इथे तर त्याच ओळीत ‘कायमचा’ असं आधीच म्हटलंय, परत येणं नाहीच. ‘सुखी राहा’ लिहिलं, खोडलं. सध्या वहीत एवढंच आहे: ‘भाऊ, आलो रे. जातो.’